वाचकांचे प्रश्न : ट्रान्सचा नवा अल्बम कशावर आणि कसा ऐकायचा?

गेल्या अंकात एका वाचकाने ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या नव्या अल्बमबद्दल तीन तक्रारी लिहून पाठवल्या होत्या : गाणी अर्धवट वाटतात, बास (खालचे जाड सूर) लागत नाही, आणि सगळे ट्रॅक एकसारखेच. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले. आमचं मत आधीच सांगतो. पहिल्या दोन तक्रारींत अल्बमचा दोष क्वचितच असतो. आपण कोणती आवृत्ती ऐकतोय आणि कशावर ऐकतोय, हे आधी तपासावं. तिसरी तक्रार मात्र खरी असू शकते.

ॲपवर अल्बम ऐकला. एकही ट्रॅक साडेतीन मिनिटांच्या वर नाही. ड्रॉप (थांबलेला ठोका पूर्ण जोराने परत येतो ती जागा) आला म्हणेपर्यंत गाणं संपतं. ट्रान्स असा कधीपासून झाला? – एक वाचक, जळगाव

ट्रान्स आहे तिथेच आहे, तुमच्या हाती कापलेली आवृत्ती आली आहे. बहुतेक निर्माते एकच ट्रॅक दोन मापांत काढतात : साडेतीन-चार मिनिटांचा रेडिओ एडिट आणि साडेसहा ते आठ मिनिटांचा एक्स्टेंडेड मिक्स. अल्बमच्या मुख्य यादीत बऱ्याचदा एडिटच असतात. लांब आवृत्ती त्याच कलाकाराच्या पानावर वेगळा अल्बम म्हणून पडलेली असते, कधी कधी ती काही आठवड्यांनी येते. नावापुढे ‘एक्स्टेंडेड’ आहे का ते बघा, आणि नाव काहीही असलं तरी मिनिटं बघा.

फरक नुसत्या लांबीचा नाही. १३८ बीपीएमला (मिनिटाला १३८ ठोके) एक ठोका ०.४३५ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचा बार १.७४ सेकंदांचा. म्हणजे १६ बारांना २८ सेकंद लागतात, ३२ बारांना ५६. आता २४० बारांचा, म्हणजे ६ मिनिटं ५७ सेकंदांचा ट्रॅक घ्या. त्याची बांधणी साधारण अशी असते : पहिले ३२ बार किक (ढोलासारखा मुख्य ठोका) आणि हॅट (झांजेसारखी बारीक चकचक), पुढचे ४८ बार बासलाइन आणि मुख्य सुरावटीचे तुकडे, २:१९ ला किक थांबते आणि ४८ बारांचा ब्रेकडाऊन, म्हणजे ठोक्याविना चालणारा भाग, सुरू होतो, ३:४३ पासून १६ बार बिल्ड-अप (ड्रॉपकडे चढत जाणारा भाग), ४:१० ला ड्रॉप, तो ६४ बार चालतो, ६:०२ पासून एकेक थर काढत शेवटचे ३२ बार.

साडेतीन मिनिटांत बसतात जेमतेम १२० बार. सुरुवातीचे आणि शेवटचे ३२ बार डीजेला दुसऱ्या ट्रॅकशी जोडण्यासाठी असतात, ते गेले तर घरी ऐकणाऱ्याचं फार बिघडत नाही. पण एडिट करणारा ब्रेकडाऊनआधीचे ४८ बारही छाटतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. किक थांबल्याचं कानाला जाणवायचं असेल तर आधी ती दोन मिनिटं कानात मुरलेली असावी लागते. २५व्या सेकंदाला ब्रेकडाऊन आणला, तर थांबण्यासारखं काही सुरूच झालेलं नसतं. नुसते एडिट एकापुढे एक लावून त्याला ट्रान्स अल्बम म्हणणं आम्हाला पटत नाही. काही अल्बमांची तिसरी आवृत्तीही असते, सगळे ट्रॅक एकमेकांत विणलेली, तास-सव्वा तासाची सलग मिक्स. अल्बमचा क्रम कसा लावलाय हे समजून घ्यायला ती उत्तम. एकेका ट्रॅकची बांधणी बघायला एक्स्टेंडेड.

सलग मिक्सच डाउनलोड केली, पण दर ट्रॅकच्या जोडावर बारीक उचकी लागते. फाइल खराब आहे का? – एक वाचक, अमळनेर

फाइल ठीक असावी. एमपी३ बनवताना सुरुवातीला सुमारे २५ मिलिसेकंदांची शांतता आपोआप चिकटते, आणि शेवटची चौकट पूर्ण करायला मागेही थोडी भर पडते. दोन्ही मिळून ५० मिलिसेकंदांच्या आसपास. एरवी ते कळतही नाही. पण १३८ बीपीएमला ठोक्याचा चौथा भाग १०९ मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या निम्मी खोट सलग किकमध्ये लगेच टोचते.

स्ट्रीमिंग ॲपच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न ठेवणं) चालू करा, क्रॉसफेड शून्यावर आणा, शफल बंद ठेवा. क्रॉसफेड चालू असेल तर आधीच मिसळलेला जोड ॲप पुन्हा एकदा मिसळतं आणि किकवर किक चढते. ही चूक गॅपपेक्षाही जास्त आढळते. स्वतःच्या फाइली वाजवायच्या असतील तर कॉम्प्युटरवर फूबार २०००, अँड्रॉइडवर पॉवरॲम्प. दोन्ही ही भर वगळून वाजवतात. विकत घेताना फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) मिळत असेल तर तेच घ्या, त्यात ही भानगडच नाही. जागेचा हिशेब : ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे ७० मिनिटांच्या मिक्सला १६८ एमबी.

१० बाय १२ ची स्लॅबची खोली, दोन स्पीकर, एक सब-वूफर. अल्बममधल्या काही ट्रॅकना बास छातीत बसतो, काहींना नावालाही नाही. मिक्सिंग वाईट आहे का? – एक वाचक, रावेर

मिक्सिंगवर ठपका ठेवण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, एवढ्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. १० फुटांना तो ५६ हर्ट्झवर येतो. ट्रान्सचा बास नेमका याच पट्ट्यात राहतो : खालचा एफ ४४ हर्ट्झ, जी ४९, ए ५५. त्यामुळे ए मायनरमधला ट्रॅक तुमच्याकडे गडगडणार, आणि तोच बास एफवर उतरला की खोली हात आखडता घेणार. सिमेंटच्या भिंती आणि फरशी हा प्रकार आणखी ठळक करतात. जुन्या धाब्याच्या घरात मातीचं छत आणि लाकडी सरे थोडा तरी सूर पिऊन टाकायचे.

सब-वूफर कोपऱ्यात असेल तर आधी तिथून काढा. मग तो चक्क तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासलाइन वर-खाली फिरणारा एखादा ट्रॅक लावा आणि भिंतीच्या कडेकडेने वाकून चालत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतील तिथे सब-वूफरची कायमची जागा. तुमची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे हा घुमणारा सूर सगळ्यात कमी ऐकू येतो; १२ फुटांच्या अंतरात एका टोकाच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून बघा. सब-वूफरचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सब-वूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा. भिंतीवर गोधड्या टांगण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. त्याने टाळीचा प्रतिध्वनी मरतो, ५० हर्ट्झला ढिम्म फरक पडत नाही. त्याला हातभर जाडीचा कापूस लागेल.

फोनच्या स्पीकरवर अल्बम ऐकून मत देणाऱ्यांसाठी एवढंच : ३०० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. तुम्ही किकची फक्त टिचकी ऐकलेली असते.

दीड हजारात वायरचे इअरफोन घ्यावेत की ब्लूटूथ? – एक वाचक, धुळे

वायरचे, कानाच्या आत बसणारे. या पैशात सगळा खर्च आवाजावर होतो, बॅटरी आणि डबीवर नाही. सोबतच्या तिन्ही मापांच्या रबरी टोप्या लावून बघा. टोपी सैल असेल तर पहिला बळी बासचा जातो, आणि लोक कंपनीला शिव्या देतात. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी ॲडॉप्टर घेताना त्यात डॅक चिप (डिजिटल गाण्याचा आवाजी सिग्नल बनवणारी) आहे याची खात्री करा. साधे स्वस्त ॲडॉप्टर बऱ्याच फोनवर वाजतच नाहीत. इक्वलायझरमधला बास बूस्ट बंद.

पोरांनी हळदीच्या रात्री अहिराणी गाण्यांनंतर या अल्बममधले दोन ट्रॅक फोनवरून डीजेच्या मिक्सरला लावले. किक आणि गायिकेचा आवाज गायब, मागची धून तेवढी विहिरीत वाजल्यासारखी. अहिराणी गाण्यांना मात्र काही झालं नाही, ती पेनड्राइव्हवरून वाजत होती. डीजेवाला म्हणतो, भो, तुमचं गाणंच फुटकं आहे. – एक वाचक, शिरपूर

गाणं धडधाकट आहे, वायर चुकली आहे. पेनड्राइव्हवरची गाणी ठीक वाजली आणि फोनच्या वायरवरची तेवढी बिघडली, हाच त्याचा पहिला इशारा.

फोनच्या ३.५ च्या पिनमध्ये टोकाला डावा चॅनेल असतो, मधल्या कड्यावर उजवा. ती वायर दुसऱ्या टोकाला एकाच स्टिरिओ पी-३८ (पाव इंची जाड) जॅकने मिक्सरच्या माइक-लाइन चॅनेलमध्ये खोचली असणार. ते इनपुट बॅलन्स्ड असतं. टोक आणि कडं यांच्यावर जे येईल त्याची ते वजाबाकी करतं. किक, बास आणि गाणं दोन्ही चॅनेलमध्ये तंतोतंत सारखं असतं, त्यामुळे वजा होऊन शून्य. उरतो तो फक्त डावी-उजवीकडे वेगवेगळा असलेला भाग, म्हणजे पॅड (मागचे लांबवलेले सूर), रिव्हर्ब (घुमारा) आणि पसरट लीड (पुढची मुख्य धून). तुम्ही ‘विहिरीत’ म्हणता तो हाच.

पडताळा मिनिटाभराचा आहे. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. वायर चुकीची असेल तर आवाज जवळपास पूर्ण बंद पडेल, कारण आता सगळंच सारखं झालं आणि सगळंच वजा झालं. उपाय : ३.५ ची स्टिरिओ पिन एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८, अशी वायर बनवून घ्या. दोन्ही जॅक शेजारच्या दोन चॅनेलमध्ये, एक पॅन पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. मिक्सरला मागे आरसीएचं स्टिरिओ इनपुट असेल तर त्याहून सोपं.

वायर बदलल्यावरही धून बारीक वाटली, तर अख्खा सेटअप मोनोवर चालू आहे का विचारा. ट्रान्सची ओळख असलेला सुपरसॉ आवाज रोलँडच्या १९९६ सालच्या जेपी-८००० सिंथेसायझरमुळे रुजला. त्यात करवतीच्या दातांसारख्या लाटेच्या सात प्रती किंचित बेसूर करून एकत्र वाजवतात. पुढे मिक्सिंगमध्ये त्या दोन बाजूंना पसरवतात, आणि मोनोत आणल्या की त्यांतल्या काही एकमेकींना खाऊन टाकतात. नीट मिक्स केलेल्या ट्रॅकमध्ये ही घट थोडी असते. लीड पारच गायब होत असेल तर दोष खरंच निर्मात्याचा.

दोन बेसपैकी (बासच्या स्पीकर-पेट्यांपैकी) एकाची प्लस-मायनस उलटी जोडलेली असेल तर मध्ये उभं राहिल्यावर बास नाहीसा होतो आणि एका बाजूला सरकलं की परत येतो. ॲम्प्लिफायर काढून, १.५ व्होल्टचा सेल क्षणभर वूफरला टेकवा. प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर तारा उलट्या आहेत. हा प्रयोग टॉपच्या (बारीक सुरांच्या पेटीतल्या) ड्रायव्हरवर करू नका.

आणि एक. लग्नाच्या सेटअपला ताशा, ढोलकी आणि बोल ठासून ऐकवायची सवय असते. ट्रान्समध्ये किक आणि बास मिनिटंच्या मिनिटं न थांबता चालतात, ॲम्प्लिफायरला आणि कॉइलला दम घ्यायला फुरसत नाही. मे महिन्यात इथे पारा ४४च्या पुढे जातो. ट्रॉलीत कोंबलेला ॲम्प्लिफायर मध्येच बंद पडतो तो यामुळे. मागे वीतभर जागा मोकळी ठेवा, ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, लाल दिवा सतत पेटू देऊ नका. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, तो गाण्याचा प्रकार विचारत नाही.

चार वेळा ऐकूनही सगळे ट्रॅक एकच वाटतात. फरक ओळखायचा कसा? – एक वाचक, भुसावळ

सुरावटीमागे धावू नका, आधी किक आणि बासचं नातं ऐका. ट्रान्समध्ये ते ढोबळमानाने तीन तऱ्हांचं असतं. एक, बास दोन किकच्या बरोबर मध्ये पडतो; उचल देणारा, नाचरा. दोन, प्रत्येक किकनंतर बासचे तीन बारीक ठोके, पळत सुटलेले. सायट्रान्सची ही खूण. तीन, लांबवलेला बास, जो किक पडली की क्षणभर दबतो आणि पुन्हा फुगतो. अल्बममधल्या प्रत्येक ट्रॅकपुढे एक, दोन की तीन एवढंच लिहा. बारापैकी दहा ट्रॅकपुढे एकच आकडा आला, तर तुमची तक्रार रास्त आहे.

मग वेग. ३० सेकंदांत किक मोजा आणि दुप्पट करा. ६९ आल्या तर १३८ बीपीएम. चांगला अल्बम बहुधा १२८-१३२ ने सुरू होऊन १३८-१४० पर्यंत चढतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत १३८ असेल तर कान थकतो, आणि थकलेल्या कानाला सगळं सारखं लागतं.

तिसरी गोष्ट कॉर्डची. ए मायनर, एफ, सी, जी ही मालिका या संगीतात इतकी वापरली गेलीय की पहिल्या दोन कॉर्डनंतर उरलेल्या दोन ओळखता येतात. ती वापरणं गुन्हा नाही. पण एकाच अल्बममध्ये तीच मालिका चार वेळा, फक्त सूरपट्टी बदलून? तिथे निर्मात्याने कष्ट वाचवलेत. ब्रेकडाऊनमधली धून ड्रॉपमध्ये परत येते का, तेही बघा. हल्ली बरेच जण ब्रेकडाऊनमध्ये मोठी धून उभी करतात आणि ड्रॉपला ती टाकून देऊन नुसता कोरडा ठोका वाजवतात. काहींना ते धक्कातंत्र आवडतं. आमच्या मते, दीड मिनिट वाट बघायला लावून ताट रिकामं ठेवण्याचा हा प्रकार एखाद्या ट्रॅकला चालतो, अख्ख्या अल्बमला नाही.

गोवा ट्रान्स आपला, मग ट्रान्स भारतीयच नाही का? – एक वाचक, नंदुरबार

अर्धंमुर्धं. गोवा ट्रान्स हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत घडला, पण वाजवणारे मुख्यतः परदेशी होते. उन्हात रेकॉर्ड वाकतात म्हणून ते टेपवरून वाजवत. आज ‘ट्रान्स’ म्हणून जे ऐकता त्याची मुख्य धारा १९९०च्या सुरुवातीला जर्मनीत, फ्रँकफर्टच्या आसपास तयार झाली. अभिमान बाळगायचाच असेल तर मुंबईचे वादक चरणजित सिंग यांचा बाळगा. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली.

काठी गावच्या होळीत ढोल आणि पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) रेकॉर्ड करून ट्रान्सच्या ठोक्यावर बसवायची आहे. – एक वाचक, शहादा

वाजवणाऱ्यांना आधी विचारा, कशासाठी हवंय ते सांगा, आणि ट्रॅकवर त्यांची नावं द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. मोठ्या ढोलापासून सात-आठ फूट दूर राहा. जवळ गेलात तर नाचणाऱ्यांच्या कमरेचे घुंगरू आणि भोपळे माइकसमोर येऊन पातळी फोडतात. पावरीसाठी वेगळा माइक, नाहीतर ती ढोलाखाली बुडते.

अडचण पुढे येते. ढोल रात्रभरात चढत जातो, यंत्र १३८ वर ठाम. सलग दहा मिनिटं ताणूनओढून बसवू नका, ठोक्याचा जीव जातो. ज्या ४ किंवा ८ आवर्तनांत वेग स्थिर आहे तेवढेच तुकडे कापा, आणि मूळ वेगापासून ५-६ टक्क्यांहून जास्त ताण देऊ नका. पावरीचा षड्ज कॉन्सर्ट पिचला (यंत्रांच्या ठराविक सुरांना) जुळेलच असं नाही. सिंथ पावरीला जुळवा, उलटं करू नका.

हेडफोन लावून अल्बम संपवला की तासभर कानात शीळ वाजते. – एक वाचक, पाचोरा

आवाज कमी करा, आजच. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला ती निम्मी होते : ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. शीळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

मलाही या अल्बमवर अभिप्राय लिहून पाठवायचा आहे. कसा लिहू? – एक वाचक, चाळीसगाव

पहिल्यांदा ऐकताना काहीच लिहू नका, आणि ट्रॅक पुढे ढकलू नका. पहिल्या मिनिटात ‘काही होत नाही’ म्हणून सोडलेला ट्रॅक म्हणजे न ऐकलेला ट्रॅक. ते मिनिट डीजेसाठीच असतं. दुसऱ्या फेरीत कागद घ्या आणि वेळा टिपा : किक कधी थांबली, धून पूर्ण कधी उमटली, ड्रॉप कधी आला, त्यात नवं काय होतं.

‘चौथा ट्रॅक ऐकताना मन हरवून जातं’ हे वाक्य कुठल्याही अल्बमला लागू पडतं, म्हणून आम्ही ते कापतो. त्याऐवजी असं लिहा : ‘चौथ्या ट्रॅकमध्ये ३:४३ पासून बिल्ड-अप चढतो, पण शेवटच्या दोन बारांत सगळं काढून फक्त गायिकेचा श्वास ठेवलाय, त्यामुळे ४:१० चा ड्रॉप अपेक्षेपेक्षा जड पडतो.’ वाचणारा तिथे जाऊन ऐकेल आणि तुमच्याशी भांडेल. अभिप्रायाचा उपयोग तोच. न आवडलेल्या जागाही अशाच वेळेसकट लिहा. कलाकाराच्या आधीच्या अल्बमशी तुलना करायची तर दोन्ही एकाच हेडफोनवर, एकाच आवाजाला ऐका. जोरात वाजलेला अल्बम कानाला नेहमीच सरस भासतो.

चारशे शब्द पुरेत. वर आवृत्ती एडिट, एक्स्टेंडेड की सलग मिक्स ते लिहा, आणि कशावर ऐकलं तेही.